१८० मुलं, दोन तास आणि पंधरा सेकंदांची धाव

प्रिय ताई,
विक्रोळीच्या कन्नमवार नगर भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी प्राथमिकला शिकवते. डिसेंबरमधल्या एका शनिवारी पहिली ते चौथीच्या १८० मुलांसाठी ‘आरोग्य क्रीडा दिन’ करायचं ठरलंय आणि सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. मैदान लहान आहे, अर्धं मातीचं, अर्ध्यावर पेव्हर ब्लॉक. आराखडा वरून आलाय: पन्नास मीटर धावणं, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, सगळ्यांसमोर उंची-वजन, मग पाहुण्यांचं भाषण आणि पदकं. एका पेय कंपनीचा वितरक फुकट पाकिटं वाटायला आणि कमान उभारायला तयार आहे. दोन मुलांना दम्याचा पंप लागतो. तिसरीतली एक मुलगी कॅलिपर लावून चालते. आणि चौथीतला एक अंगानं भरलेला मुलगा परवा मला हळूच म्हणाला, “बाई, त्या दिवशी मी आजारी असणार आहे.” तेव्हापासून सगळा बेतच चुकतोय असं वाटतंय. काय करू?
– एक बाई, विक्रोळी

प्रिय बाई,

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. बेत बदलायला हवा, आणि मुख्याध्यापकांसमोर तो बदल मांडायला तुम्हाला भावनेपेक्षा आकडेमोड जास्त उपयोगी पडेल. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पन्नास मीटरच्या शर्यतीत तुमच्या मैदानावर एका वेळी फार तर सहा मुलं धावतील. १८० मुलांच्या तीस फेऱ्या. रांग लावणं, ‘सावधान’, शिट्टी, पहिला-दुसरा कोण ते टिपणं, असं धरलं तर एका फेरीला दोन मिनिटं सहज जातात. म्हणजे एक तास. त्या तासात प्रत्येक मूल किती वेळ धावलं? बारा ते पंधरा सेकंद. उरलेला वेळ ते उन्हात मांडी घालून बसलं. लिंबू-चमच्याचंही तेच. संगीत खुर्चीत तर सगळ्यात हळू, सगळ्यात बुजरं मूल पहिल्याच फेरीत बाद होऊन कडेला जातं आणि जे आधीच चपळ आहे ते शेवटपर्यंत पळत राहतं. ज्याला हालचालीची गरज जास्त, त्याच्या वाट्याला ती सगळ्यात कमी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आरोग्याच्या नावानं भरवलेल्या दिवशी आपण मुलाला पंधरा सेकंद देणार असू, तर त्या दिवसाला ते नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा नियम एकच धरा: त्या दिवशी कुणीही बाद होणार नाही आणि कुणीही रांगेत उभं राहणार नाही. बाकी सगळं या नियमातून आपोआप ठरत जातं.

मुलांचे दोन भाग करा. आधी पहिली-दुसरी, त्यांचं आटोपलं की तिसरी-चौथी. एका वेळी साधारण नव्वद मुलं मैदानावर. त्यांचे पंधरा-पंधराचे सहा गट आणि मैदानावर सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं खेळ, तीन मिनिटं पुढच्या ठिकाणी जायला आणि पाणी प्यायला. सहा गुणिले पंधरा, नव्वद मिनिटांत फेरा पूर्ण. गटाला कापडी पट्ट्यांचे रंग द्या, नावं भाज्यांची द्या, काहीही द्या, पण गट तुम्ही पाडा. ‘आपापले गट करा’ असं मुलांना सांगितलं की शेवटी कोण उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता खेळ. नवं काही शोधायची गरज नाही, आपल्याकडे आहे ते सोनं आहे. फक्त नियमांना जरा मुरड घालावी लागते.

विष-अमृत घ्या. ज्याच्यावर राज्य तो जंतू. त्यानं शिवलं की मूल जागीच गोठतं. सोडवायला दुसऱ्या मुलानं समोर येऊन दोघांनी मिळून हात धुण्याची पूर्ण कृती करायची: तळवे, हातांच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, आणि मोठ्यानं वीसपर्यंत मोजायचं. हात साबणानं निदान वीस सेकंद चोळायचे असतात, ते इथं पाठ होतं आणि भाषण द्यावं लागत नाही. पंधरा मुलांत दोन-तीन जंतू ठेवा, दर तीन मिनिटांनी बदला. बारा मिनिटांत मुलं घामाघूम होतात आणि अंगठा विसरणाऱ्याला दुसरी मुलंच ओरडून आठवण करतात.

दुसरा खेळ खास मुंबईसाठी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंप रिकामी करून कोरडी करायला सांगतात. मैदानाच्या एका चौकोनात चाळीसेक वस्तू पसरा: करवंट्या, दह्याचे डबे, बाटल्यांची झाकणं, जुनी ताटली, एखादं सायकलचं टायर. अर्ध्या गटानं ‘डास’ व्हायचं आणि पालथ्या वस्तू उताण्या करायच्या, अर्ध्यानं ‘कोरडा दिवस’ होऊन त्या पालथ्या घालायच्या. दोन मिनिटांनी शिट्टी, मोजणी, बाजू बदला. यात कुणाचा वेग दिसत नाही, कुणाचं वजन दिसत नाही. सगळे वाकतायत, पळतायत, हसतायत. शेवटच्या मिनिटाला फक्त विचारा, “तुमच्या चाळीत, तुमच्या गॅलरीत यातली कुठली वस्तू आहे?” उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

तिसऱ्या ठिकाणी साखळी. लंगडीही चालेल, पण मातीवरच, आणि मध्येच शिट्टी मारून पाय बदलायला लावा. बाद झालेला बाहेर न जाता राज्य घेणाऱ्याच्या बाजूनं खेळू लागतो, एवढा एक बदल केला की लंगडी या दिवसाला अगदी शोभते. पहिलीतल्या लहानग्यांना कच्चं लिंबू म्हणून घेण्याची आपली जुनी पद्धत आहे, ती खुशाल वापरा. चौथ्या ठिकाणी लगोरी. चेंडू मात्र जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेला मऊ हवा, रबरी नको. पाचव्या ठिकाणी लेझीम किंवा दोरीउड्या. शाळेच्या कपाटात लेझमी पडून असतील तर काढा, गंज पुसा. ध्वनिवर्धक भाड्यानं आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. भोंग्याच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही आणि शिकवणाऱ्याचं बोलणंही पोचत नाही. त्यापेक्षा एखाद्या पालकाची ढोलकी पुष्कळ काम करते.

खो-खो का नाही, असं तुमचे क्रीडाशिक्षक विचारतील. त्यांचं प्रेम मी समजू शकते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मुलांना हे जरूर सांगा. पण खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या नऊ जणांतले आठ बसलेले असतात आणि पळणारे एका वेळी तीनच. बारा मिनिटांच्या फेऱ्यात अर्ध्या मुलांची पाळीच यायची नाही. तो खेळ तासिकेत, निवांत शिकवण्याचा.

सहावं ठिकाण सावलीत ठेवा. इथं बसायचं, पाणी प्यायचं आणि ‘भाजी ओळखा’ खेळायचं. पिशवीत हात घालून नुसत्या स्पर्शानं सांगायचं: दोडका की पडवळ, शेवग्याची शेंग, आलं, कच्चं केळं, मुठीत नाचणी की बाजरी. हल्ली पुष्कळ मुलांना मेथी निवडलेलीच माहीत असते, जुडी नाही. भाजी खरी आणा, चित्रं नकोत. कुणाच्या आजीला या ठिकाणी बसवलंत तर उत्तम. आई-वडील शनिवारी कामावर असतात, आज्या येतात, आणि एकदा आल्या की सागरगोटेही काढतात. या ठिकाणाहून उठलेला गट थेट नळावर जाईल आणि साबणानं हात धुऊन खाऊ घेईल. नव्वद मुलं एकदम नळावर सोडलीत तर चार नळांवर दहा-बारा मिनिटं गोंधळ होतो, पंधरांचा गट दोन मिनिटांत मोकळा होतो. नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं ते शिपाईमामांना विचारून पिंपं आदल्या दिवशी भरून, झाकून ठेवा.

खाऊवरून त्या वितरकाकडे येते. नम्रपणे पण ठाम नकार द्या. हा केवळ माझा आग्रह नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या शालेय आहारविषयक नियमांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, फुकट वाटताही येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. पाकिटावरचा तक्ता मुख्याध्यापकांना वाचून दाखवा. समजा, १०० मिलिलिटरमध्ये १२ ग्रॅम साखर लिहिलेली आहे आणि पाकीट २०० मिलिलिटरचं आहे, तर ती २४ ग्रॅम झाली. एका चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम मावतात, म्हणजे सहा चमचे. चौथीच्या मुलांना हे गणित वर्गात घाला, त्यांना पेच वाटत नाही आणि घरी जाऊन ती प्रत्येक पाकीट उलटून बघू लागतात. खाऊ म्हणून केळं, उकडलेले हरभरे, राजगिऱ्याचा लाडू पुरे. शेंगदाण्याची चिक्की द्यायची असेल तर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी विचारायलाच हवं. मध्ये प्यायला साधं पाणी, शेवटी कमी गोडाचं कोकम सरबत.

आता तुमच्या मनात जे खरं बोचतंय त्याबद्दल.

त्या चौथीतल्या मुलानं तुम्हाला सांगितलं, म्हणजे तुम्ही त्याच्या विश्वासातल्या आहात. त्याला कशाची भीती वाटते ते आराखड्यात लिहिलेलंच आहे: सगळ्यांसमोर वजनकाटा. तो आराखड्यातून काढा. यावर तडजोड करू नका. उंची-वजन घेणं महत्त्वाचं आहे, पण ते बंद खोलीत, एकेकट्याचं, आकडा मोठ्यानं न उच्चारता व्हावं आणि नोंद पालकांच्या हातात जावी. शालेय आरोग्य तपासणीच्या पथकाचं ते काम आहे, मैदानावरच्या खेळांच्या दिवशी त्याचं काही काम नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आकडा एकदा वर्गाला कळला की त्याचं टोपणनाव होतं आणि ते टोपणनाव दहावीपर्यंत पुरतं. मैदान नकोसं होण्याचं कारण पुष्कळदा शरीर नसतं, हे टोपणनाव असतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: तुमच्या वर्गात हाडकुळी मुलंही असतील, काट्यावर चढताना त्यांनाही तितकंच लाजल्यासारखं होतं.

मग त्याच्याशी बोला, पण ‘तू बारीक होशील’, ‘तुझ्यासाठी चांगलं आहे’ असलं काही बोलू नका. त्या दिवशी नेमकं काय होणार ते सांगा. शर्यत नाही, बाद होणं नाही, वजन नाही, गट तुम्ही पाडणार. सहा खेळांतला कुठला आवडतो ते विचारा आणि त्याच्या गटाचा फेरा तिथून सुरू करा. त्याला गुण लिहायला किंवा पाणी वाटायला बसवू नका. मायेपोटी आपण शिक्षक असं करतो, आणि मूल त्या दिवशीही खेळाबाहेरच राहतं. रस्सीखेच ठेवून त्याला मागे बांधणं हाही उपाय नाही, तिथं पुन्हा त्याचं वजनच सगळ्यांसमोर येतं. एवढं करूनही तो आला नाही, तर सोमवारी कारण विचारू नका.

कॅलिपरवाल्या मुलीबद्दलही हेच सूत्र. तिच्यासाठी वेगळा खेळ नको, तिच्या गटाचा नियम बदला. तिचा गट विष-अमृताला आला की सगळ्यांनी चालतच खेळायचं, पळणारा गोठणार. वेगानं चालत शिवाशिवी खेळणं भल्याभल्यांना जड जातं, इतर गटही तसंच मागू लागतील. लंगडीच्या जागी तिच्या गटाला बसून चेंडू टोलवण्याचा खेळ द्या, सगळ्यांनी जमिनीवर बसून, मध्ये दोरी बांधून. काय जमेल आणि काय टाळायचं ते आधी तिला आणि तिच्या आईला विचारा. त्या दोघींना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दम्याच्या मुलांचे पंप ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. त्या-त्या गटाबरोबर फिरणाऱ्या बाईंच्या खांद्याच्या पिशवीत ठेवा, वर नाव लिहून. खेळायच्या आधी पंप घ्यायचा का, हे पालकांनी डॉक्टरांना विचारून लिहून द्यावं. धाप लागली तर मुलाला आडवं करायचं नाही, सरळ बसवायचं, पंप द्यायचा. आराम पडला नाही किंवा एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर थांबू नका, १०८ला फोन करा.

आणि हवा. मुंबईचा डिसेंबर अंगाला सुखाचा वाटतो, पण थंडीत वारा मंद असतो, भल्या सकाळी धूळ-धूर खालीच साचून राहतो. साडेसातला सुरू करण्यापेक्षा नऊला सुरू करा. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक बघा. शंभरच्या आत असेल तर निश्चिंत खेळा. १०१ ते २०० म्हणजे ‘मध्यम’, तेव्हा दम्याच्या मुलांवर खास लक्ष. २००च्या वर गेला तर मी पळापळीचे खेळ पुढे ढकलेन आणि त्या दिवशी वर्गात भाज्या आणि साखरेचं गणित घेईन. पर्यायी तारीख पत्रकातच छापून टाका, म्हणजे कुणी नाराज होत नाही.

पालकांकडून आठवडाभर आधी अर्ध्या पानाचा फॉर्म भरून घ्या: दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, ॲलर्जी, गेल्या महिन्याभरात डेंग्यू, टायफॉइड, कावीळ झाली होती का, आणि दिवसभर लागेल असा फोन नंबर. डेंग्यूतून उठलेलं मूल वरून ठणठणीत दिसतं, पण लवकर थकतं. मुलांना घरून खाऊन यायला सांगा. उपाशी पोटी येणारी मुलं कोण ते तुम्हाला वर्गात माहीतच असतं, त्यांना सुरुवातीलाच केळं द्या.

प्रथमोपचाराचं थोडक्यात. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. खरचटलं तर वाहत्या पाण्यानं धुवायचं, हळद चोळायची नाही. या वयात दुधाचे आणि पक्के दात एकत्र असतात. समोरचा पक्का दात पडून हातात आला तर मुळाशी धरू नका, कपभर दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा, दात वाचू शकतो. हे पुष्कळ शिक्षकांना सांगितलेलंच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. पळण्याचे सगळे खेळ मातीवर, पेव्हर ब्लॉकवर फक्त दोरीउड्या, लेझीम आणि भाज्या. आदल्या दिवशी स्वतः मैदानभर चालून खिळे, काचा वेचून घ्या, मग फक्की मारा.

पाहुण्यांना बोलवा, पण भाषणासाठी मुलांना उन्हात उभं करू नका. शेवटी पाच मिनिटं बोलू दे आणि आधी लगोरीला एक डाव खेळू दे. माझ्या अनुभवानं बहुतेकांना ते मनापासून आवडतं, आणि वरिष्ठांना हवा असलेला फोटोही मिळतो.

राहिली पदकं. तीस-चाळीस मुलांच्या गळ्यात पडणाऱ्या पदकांचे पैसे वाचवा आणि ऑइलपेंटचे डबे, ब्रश आणि मोठ्या दोऱ्या आणा. पेव्हर ब्लॉकवर ठिक्करबिल्ल्याचे चौकोन, अंकांची शिडी, सापासारखी नागमोडी रेघ असं आठ-दहा ठिकाणी कायमचं आखून घ्या. चौथीच्या मुलांना आखायला घ्या, हात त्यांचे बरे असतात. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर रंगवलंत तर सोमवारपर्यंत पक्कं वाळतं. मग मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं डबा, उरलेला वेळ मैदान, असं वेळापत्रकातच लिहून घ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार पहिली-दुसरी मातीवर, तिसरी-चौथी पेव्हरवर, आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार उलट. दोऱ्यांची पेटी उघडी राहायला हवी, तिची किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ नका.

तुमची,
ताई